कंपनीच्या इंजेक्टरवर इंजिनाची किती ताकद निघते, ते कसं काढायचं

रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं), कॅम, टर्बो यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: गाडीत मुळात आलेले इंजेक्टर जास्तीत जास्त किती बीएचपी पेलतील. जास्तीची हवा आत ढकलायचे मार्ग पुष्कळ आहेत. त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल पडलं नाही तर मात्र इंजिन लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग म्हणजे मिश्रणाचं अवेळी भडकणं सुरू होतं आणि पिस्टन फुटतो. "या इंजिनाचे स्टॉक इंजेक्टर अमुक बीएचपीपर्यंत चालतात" अशी ऐकीव माहिती हवी तेवढी मिळते. पण तो आकडा कोणत्या प्रेशरवर, कोणत्या पेट्रोलवर मिळाला, क्रँकवर मोजला की चाकांवर, हे सांगणारा क्वचितच भेटतो. त्यामुळे आकडा स्वतःच्या गाडीवरच काढावा. आधी कागदावर, मग लॉग घेऊन, म्हणजे चालत्या इंजिनाचे आकडे नोंदवून.

इथला हिशेब पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांचा आहे, म्हणजे ज्यांचा इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे मॅनिफोल्डमध्ये फवारा मारतो. डायरेक्ट इंजेक्शनचं गणित वेगळं आहे, ते शेवटी दिलं आहे. डिझेलला यातलं काही लागू होत नाही.

आधी जमवायचे आकडे

पहिला आकडा इंजेक्टरच्या साइझचा, म्हणजे तो सतत उघडा ठेवला तर मिनिटाला किती सीसी पेट्रोल सोडतो. गाडीच्या मॉडेलच्या नावावरून तो धरू नका. इंजेक्टरच्या अंगावरचा पार्ट नंबर वाचा आणि त्या नंबरचा डेटा शोधा. टोयोटा सुप्राचं २जेझेड-जीटीई इंजिन हे याचं चांगलं उदाहरण आहे. जपानी बाजारातल्या गाड्यांत ४४० सीसीचे इंजेक्टर होते, निर्यातीच्या गाड्यांत ५५० सीसीचे. इंजिनाचं नाव एकच, पण इंजेक्टरच्या क्षमतेत २५ टक्क्यांचा फरक. शिवाय ४४०चे हाय इम्पीडन्सचे (विजेला जास्त रोध) आणि ५५०चे लो इम्पीडन्सचे (कमी रोध), म्हणजे वायरिंगही वेगळं.

अमेरिकन डेटात हा आकडा तासाला पाउंडमध्ये असतो. त्याला १०.५ने गुणलं की मिनिटाला सीसी मिळतात. २४ पाउंडचा इंजेक्टर म्हणजे साधारण २५० सीसीचा.

साइझसोबत हेही बघा की तो आकडा कोणत्या प्रेशरवरचा आहे. ३ बार हे सर्वाधिक वापरलं जाणारं प्रमाण, पण २.७ बारवर किंवा ४ बारवर मोजलेले आकडेही भरपूर दिसतात. आणखी एक बारकावा आहे. बॉशसारखे उत्पादक चाचणीसाठी पेट्रोलऐवजी एन-हेप्टेन वापरतात, कारण त्याचे गुणधर्म बदलत नाहीत. हेप्टेनची घनता ०.६८४ आणि पेट्रोलची साधारण ०.७४. त्यामुळे तोच इंजेक्टर पेट्रोलवर सीसीमध्ये सुमारे ४ टक्के कमी सोडतो, पण वजनात सुमारे ४ टक्के जास्त. ताकद वजनावर ठरते, म्हणून हा फरक आपल्या बाजूचा आहे. तो हातात राखून ठेवा, हिशेबात धरू नका.

दुसरा आकडा रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या प्रेशरचा, आणि त्याचबरोबर ते प्रेशर राखणारा रेग्युलेटर कुठल्या प्रकारचा आहे हे. रेलला दोन पाइप असतील (एक येणारा, एक टाकीत परत जाणारा) आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डहून आलेली बारीक नळी असेल, तर रेल प्रेशर मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर वरखाली होतं. अशा रेग्युलेटरवर मूळ प्रेशर मोजताना ती नळी काढून तिचं तोंड बंद करा. रेलला एकच पाइप येत असेल तर रेग्युलेटर बहुधा टाकीत असतो आणि प्रेशर कायम एकच राहतं. टर्बो बसवताना हा फरक फार महाग पडू शकतो. त्याचा हिशेब खाली येईल.

गेज जोडण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि त्यानंतरच पाइप उघडा. अग्निशामक हाताशी ठेवा. चालत्या गाडीत प्रेशर बघायचं असेल तर इलेक्ट्रिक सेंडर लावा. पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये आणून तिथे गेज लावणं कधीही करू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

तिसरा आकडा म्हणजे एका बीएचपीसाठी इंजिन तासाला किती ग्रॅम पेट्रोल जाळतं. यालाच बीएसएफसी म्हणतात. पूर्ण थ्रॉटलला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं) इंजिन २०५ ते २३० ग्रॅम घेतं, सुपरचार्जरवालं २५० ते २७० आणि टर्बोवालं २७० ते २९५. टर्बोला जास्त लागतं, कारण सिलिंडर थंड ठेवायला मिश्रण जास्त रिच (पेट्रोल जास्त) ठेवावं लागतं आणि नॉकिंग टाळायला स्पार्क टायमिंग मागे घ्यावं लागतं. कमी आकडा धरून उत्तर मोठं करून घ्यायचा मोह होतो. तो टाळा: नॅचरली अ‍ॅस्पिरेटेडला २३० आणि टर्बोला २८० धरा.

कागदावरचं गणित

बीएचपी = इंजेक्टरची साइझ × इंजेक्टरची संख्या × ०.८५ × ६० × ०.७४ ÷ बीएसएफसी

यातलं ०.८५ म्हणजे ८५ टक्के ड्युटी सायकल (एकूण वेळापैकी इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ), ६० म्हणजे तासाची मिनिटं आणि ०.७४ पेट्रोलची घनता. चार सिलिंडर आणि २४० सीसीचे इंजेक्टर असतील तर एकूण ९६० सीसी होतात. ८५ टक्क्यांनी ८१६ सीसी, तासाला ४८,९६० सीसी, म्हणजे सुमारे ३६.२ किलो पेट्रोल. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनात त्यातून १५७ बीएचपी निघतील, टर्बोत १२९. इंजेक्टर तेच, पेट्रोल तेवढंच, तरी फरक २८ बीएचपीचा.

तोंडी हिशेब हवा असेल तर सगळ्या इंजेक्टरचे सीसी मिळवा आणि नॅचरली अ‍ॅस्पिरेटेडसाठी ६.१ने, टर्बोसाठी ७.४ने भागा. फोर्ड मस्टँगच्या १९८०च्या दशकातल्या उत्तरार्धाच्या ५.० लिटर व्ही८ला १९ पाउंडचे, म्हणजे साधारण २०० सीसीचे आठ इंजेक्टर होते. १६०० भागिले ६.१ म्हणजे २६२ बीएचपी. कंपनीने त्या इंजिनाची ताकद २२५ सांगितली होती. सुप्राचे सहा ४४०चे इंजेक्टर टर्बोच्या हिशेबाने ३५७ बीएचपी पेलतात आणि सहा ५५०चे ४४६. कंपन्या अशी जागा मुद्दाम ठेवतात. कडाक्याची थंडी, उतरलेलं व्होल्टेज, अर्धा चोंदलेला फिल्टर आणि जुने झालेले इंजेक्टर या सगळ्यांसाठी ती असते. ती सगळीच्या सगळी वापरून टाकली तर या चारपैकी एक गोष्टही इंजिनाला भारी पडते.

हे बीएचपी क्रँकवरचे आहेत. डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांचा आकडा येतो आणि तो साधारण १२ ते १८ टक्के कमी असतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

प्रेशर बदललं तर इंजेक्टरची साइझही बदलते, पण प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. नवी साइझ = जुनी साइझ × √(नवं प्रेशर ÷ जुनं प्रेशर). ३ बारवरचा २४० सीसीचा इंजेक्टर ३.५ बारवर २५९ सीसी देतो आणि ४ बारवर २७७. प्रेशर एक तृतीयांशाने वाढवलं, पेट्रोल वाढलं फक्त साडेपंधरा टक्के.

८५ टक्केच का

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. दोन फेऱ्यांना लागणारा वेळ मिलिसेकंदांत = १,२०,००० ÷ आरपीएम. ६००० आरपीएमला २० मिलिसेकंद, ६५००ला १८.५, ७०००ला १७.१. या वेळापैकी जितका वेळ इंजेक्टर उघडा, तितकी ड्युटी सायकल.

६५०० आरपीएमवर ८५ टक्के ड्युटीला इंजेक्टरला मिटून पुन्हा उघडायला २.८ मिलिसेकंद मिळतात. ९५ टक्क्यांवर जेमतेम ०.९ मिलिसेकंद उरतात. तेवढ्यात सुई नीट मिटतही नाही. मग काही इंजेक्टर पूर्ण उघडेच राहतात, काही मिटतात, आणि प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळं पेट्रोल पडू लागतं. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) वेळ थोडी वाढवली की पेट्रोल किती वाढेल याचा भरवसा राहत नाही. १०० टक्क्यांनंतर तर वाढवायला काही उरतच नाही.

दुसरं कारण हवामानाचं. ३५ अंशांवर घेतलेल्या लॉगमध्ये ड्युटी ८५ टक्के आली, तर ५ अंशांवर तेवढ्याच मॅनिफोल्ड प्रेशरला हवा सुमारे ११ टक्के जास्त घट्ट असते आणि ड्युटी ९४च्या आसपास जाते. उंचीचंही तसंच आहे. १५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १६ टक्के कमी असतो. तिथे ७२ टक्के दाखवणारं नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन खाली किनाऱ्यावर ८६ टक्के दाखवेल. लॉगसोबत त्या दिवसाचं तापमान आणि जागेची उंची लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी त्या लॉगचा उपयोग राहत नाही.

खरा आकडा लॉगमधून

कागदावरचं गणित इंजेक्टरचा आकडा खरा धरून चालतं. लॉगमध्ये तुमचा पंप, तुमचं वायरिंग आणि तुमच्या इंजेक्टरची आजची अवस्था, सगळं येतं. म्हणून शेवटचा शब्द लॉगचा.

लॉगमध्ये आरपीएम, इंजेक्टरची पल्स विड्थ (एका वेळी त्याला उघडायला दिलेला वेळ), वाइडबँड सेन्सरचा लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे अचूक, त्याखाली रिच, वर लीन), बॅटरी व्होल्टेज, मॅनिफोल्ड प्रेशर, इनटेकच्या हवेचं तापमान आणि जमलं तर फ्युएल प्रेशर घ्या. गाडीत आलेला साधा ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही. तो लॅम्डा १च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, आणि पूर्ण थ्रॉटलला आपण ०.८ ते ०.९मध्ये असतो. डायनोवर, इंजिन पूर्ण गरम असताना, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या. लॅम्डा नॅचरली अ‍ॅस्पिरेटेडला ०.९२च्या किंवा टर्बोला ०.८५च्या वर जाताना दिसला तर लगेच पाय काढा.

ड्युटी सायकल टक्क्यांत = पल्स विड्थ × आरपीएम ÷ १२००

१५.५ मिलिसेकंद आणि ६५०० आरपीएम असेल तर ८४ टक्के. जुन्या बॅच-फायर यंत्रणेत इंजेक्टर प्रत्येक फेरीला उघडतो, तिथे १२००च्या जागी ६०० घ्या. पल्स विड्थ सर्वांत लांब टॉर्कच्या शिखरावर असते, पण ड्युटी सर्वांत जास्त ताकदीच्या शिखराजवळ. बघायची जागा ती.

आता डेड टाइम. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंत वेळ जातो आणि त्या वेळात पेट्रोल पडत नाही. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंद असतो. १२ व्होल्टला त्यात पाव ते अर्धा मिलिसेकंद भर पडते. लॉगमधल्या पल्स विड्थमध्ये हा वेळ धरलेला असतो, म्हणून हिशेब करताना तो वजा करावा लागतो:

शक्य ताकद = आत्ताची ताकद × (८५ टक्क्यांची पल्स − डेड टाइम) ÷ (आत्ताची पल्स − डेड टाइम)

समजा १३० बीएचपीचं नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन आहे, ६००० आरपीएमला पल्स १३.५ मिलिसेकंद आणि डेड टाइम १. ड्युटी ६७.५ टक्के. ८५ टक्के म्हणजे १७ मिलिसेकंद. १३० × १६ ÷ १२.५ = १६६ बीएचपी. वरवर पाहता ३६ बीएचपीची जागा शिल्लक आहे.

याच इंजिनावर आता ०.५ बार बूस्टचा (वातावरणापेक्षा तेवढा जास्त दाब देणारा) टर्बो बसवायचा आहे असं धरा आणि ती जागा कशी आटते ते बघा. आधी लॅम्डा ०.८८ होता, टर्बोला ०.८० ठेवावा लागेल. त्यासाठी पेट्रोल १० टक्के जास्त, म्हणजे १६६चे झाले १५१. गाडीला एकाच पाइपचा, कायम ३.५ बारचा रेल आहे. आधी पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये वातावरणाएवढाच दाब होता, म्हणून इंजेक्टरला पूर्ण ३.५ बार मिळत होते. आता बूस्टचे ०.५ बार समोरून विरोध करतात आणि उरतात ३. √(३ ÷ ३.५) म्हणजे ०.९२६. १५१चे झाले १४०. टायमिंग मागे घ्यावं लागतं त्याची तूट अजून धरलेलीच नाही. ३६ बीएचपीची जागा दहावर आली, आणि ०.५ बारचा टर्बो दहा बीएचपीवर थांबत नाही. या गाडीला इंजेक्टर किंवा प्रेशर बदलल्याशिवाय टर्बो बसवणं म्हणजे इंजिन घालवणं. बूस्टबरोबर वाढणारा रेग्युलेटर असता तर किमान दुसरी वजाबाकी टळली असती.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक वजाबाकी. ई२०ला (२० टक्के इथेनॉल) तेवढ्याच लॅम्डासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा आकारमानाने सुमारे ७ टक्के जास्त लागतं, ई८५ला ३० ते ४० टक्के जास्त. लॉग ज्या इंधनावर घेतला तेच पुढे टाकणार असाल तर वेगळं काही करायला नको.

मास एअरफ्लो सेन्सर असेल तर आणखी एक पडताळा मिळतो. पूर्ण थ्रॉटलला सेकंदाला १२० ग्रॅम हवा येत असेल आणि हवा-पेट्रोल प्रमाण १२.५ असेल, तर सेकंदाला ९.६ ग्रॅम पेट्रोल जातं, तासाला ३४.६ किलो. २३०ने भागलं की १५० बीएचपी. इंजेक्टरवरून काढलेल्या आकड्याशी हा दहा टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक माहिती चुकीची आहे, आणि बहुतेक वेळा ती इंजेक्टरची साइझ असते.

लीन झालं म्हणजे दोष इंजेक्टरचाच, असं नाही

वरच्या आरपीएमला लॅम्डा चढायला लागला की लोक मोठे इंजेक्टर मागवतात. आधी लॉगचे तीन स्तंभ शेजारी ठेवून वाचा.

ड्युटी ९५-१०० टक्क्यांवर सपाट झाली, फ्युएल प्रेशर स्थिर आहे आणि लॅम्डा चढतो आहे: इंजेक्टर संपले.

ड्युटी अजून ८५च्या खाली आहे, पण प्रेशर पडतं आहे: इंजेक्टरला बोल लावू नका. फिल्टर, पंप किंवा पंपाचं वायरिंग बघा. पूर्ण भाराखाली मल्टीमीटरने थेट पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त घट असेल तर जाड वायर आणि वेगळा रिले लावा. जुना पंप मेला असं वाटत असताना निव्वळ वायरिंगने तो पूर्ववत चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

ड्युटी ठीक, प्रेशरही ठीक, तरी लॅम्डा चढतो: मास एअरफ्लो सेन्सरचं व्होल्टेज ५च्या जवळ जाऊन अडकलंय का बघा. सेन्सरची मर्यादा संपली की ईसीयूला खरी हवा दिसतच नाही आणि तो पेट्रोल कमी मागतो. नसेल तर मॅपमधल्या त्या भागाची दुरुस्ती राहिली आहे, किंवा सगळेच इंजेक्टर थोडे चोंदले आहेत. चोंदलेल्या इंजेक्टरची खूण साध्या चालवण्यातही दिसते: लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, सतत +८, +१० टक्क्यांवर असते.

सर्वांत फसवा प्रकार एकाच इंजेक्टरचा. चारपैकी एक इंजेक्टर १० टक्के कमी सोडत असेल आणि वाइडबँड ०.८८ दाखवत असेल, तर त्या एका सिलिंडरमध्ये लॅम्डा ०.९५ असतो आणि बाकी तिघांत ०.८६. मीटर सरासरी दाखवतो. इंजिन मात्र त्या एका सिलिंडरमध्ये फुटतं. म्हणून ताकद वाढवण्याआधी सगळे इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या. प्रत्येकाचा ३ बारवरचा पूर्ण उघडा प्रवाह, २-३ मिलिसेकंदांच्या छोट्या पल्सवरचा प्रवाह, गळती आणि फवाऱ्याचा आकार असा लेखी अहवाल मागा, साफ करण्याआधीचा आणि नंतरचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. ५ टक्क्यांहून जास्त असेल तर तो इंजेक्टर बदला. हिशेबात साइझ धरायची ती सर्वांत कमी सोडणाऱ्याची. हे काम घरी उघड्या पेट्रोलवर, बॅटरीच्या वायरी टेकवून करू नका. फवारलेलं पेट्रोल आणि एक ठिणगी पुरेशी असते. शिवाय लो इम्पीडन्सचा इंजेक्टर थेट १२ व्होल्टवर धरला तर त्याची कॉइल जळते.

पंपाचा हिशेब विसरू नका

लिटर दर तास = बीएचपी × बीएसएफसी ÷ ७४०

१६६ बीएचपी × २३० ÷ ७४० म्हणजे तासाला ५२ लिटर. ३०० बीएचपीच्या टर्बोला २८०च्या हिशेबाने ११४ लिटर. यावर २० टक्के राखीव धरा. पंपावर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा कमी प्रेशरवरचा असतो, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा प्रवाह घटतो. त्यामुळे तुमच्या प्रेशरवरचा आलेख बघा. टर्बोसाठी रेल प्रेशर + बूस्ट एवढ्या दाबावरचा आकडा धरायचा: ३ बार रेल आणि १ बार बूस्ट असेल तर ४ बारवरचा. परतीचा पाइप असलेल्या यंत्रणेत तो पाइप मोजपात्रात सोडून, प्रेशर कामाच्या दाबाएवढं ठेवून, इंजिन बंद आणि पंप चालू अशा स्थितीत ३० सेकंद मोजता येतं. ५२ लिटर आणि २० टक्के राखीव धरून ३० सेकंदांत ५२० सीसी यायला हवेत.

जागा कमी पडली तर

थोडीच कमी पडत असेल, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, तर साफसफाई आणि मूळ प्रेशर ३वरून ३.५ बार करणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. ईसीयूत इंजेक्टरचा प्रवाह ८ टक्के वाढलेला लिहावा लागतो. तसं केलं नाही तर गाडी सगळीकडे रिच चालते आणि ट्रिम त्याची भरपाई करत बसते. पूर्ण थ्रॉटलला मात्र ती भरपाई नीट लागेलच असं नाही. ४ बारपर्यंत बरेच आधुनिक इंजेक्टर सहज जातात. त्यापुढे जुन्या इंजेक्टरची सुई दाबाविरुद्ध वेळेत उघडत नाही, डेड टाइम वाढतो, पंप तापतो आणि त्याचा प्रवाह पडतो. ४ बारच्या पुढे प्रेशर ढकलण्यापेक्षा मोठे इंजेक्टर घेणं केव्हाही बरं.

मोठे घेताना लागणारी ताकद ८० टक्के ड्युटीत बसेल अशी साइझ काढा आणि तिच्या वरची पहिली मिळेल ती घ्या. गरज नसताना दुप्पट मोठे घेतले तर आयडलला पल्स दीड मिलिसेकंदाच्या खाली जाते आणि तिथे इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाही. गाडी आयडलला डगमगते. विकत घेताना प्रवाहासोबत व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता आणि छोट्या पल्सचा डेटा मिळतो का विचारा. तो नसेल तर स्वस्तातले इंजेक्टर ट्यूनिंगच्या तासांत महाग पडतात. लांबी, ओ-रिंगचा व्यास आणि कनेक्टर जुन्याशी जुळतोय ना ते बघा. मल्टीमीटरने रोध मोजा: १२ ते १६ ओहम म्हणजे हाय इम्पीडन्स, २ ते ५ ओहम म्हणजे लो. हाय इम्पीडन्ससाठी बनलेल्या ईसीयूला लो इम्पीडन्सचे इंजेक्टर थेट जोडले तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. त्यासाठी रेझिस्टर पॅक किंवा पीक-अँड-होल्ड (उघडताना जास्त, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर लागतो.

बसवताना ओ-रिंग नव्या घ्या आणि त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावा. सिलिकॉन लावू नका. रेल बसल्यावर इग्निशन ऑन-ऑफ करून पंपाला दोन-तीनदा प्रेशर भरू द्या आणि इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक जोडावर टॉर्च मारून गळती बघा. मॅप बदलल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

डायरेक्ट इंजेक्शन

इथे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो, रेल प्रेशर १०० ते ३५० बारच्या घरात असतं आणि पेट्रोल फक्त इनटेक व कॉम्प्रेशनच्या काळातच टाकता येतं. ६००० आरपीएमला पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं असलं तरी कामाची खिडकी साधारण ५ ते ६ मिलिसेकंदांची. म्हणून ८५ टक्क्यांचा नियम इथे चालत नाही. बहुतेक गाड्यांत इंजेक्टरआधी कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप हात टेकतो. त्यासाठी लॉगमध्ये रेलचं टार्गेट प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर शेजारी घ्या, आणि इंजेक्शन कुठल्या अंशावर संपतं तेही. पूर्ण थ्रॉटलला प्रत्यक्ष प्रेशर टार्गेटच्या खाली उतरत गेलं तर ताकद तिथेच थांबवा. मग हाय प्रेशर पंप बदलण्याआधी टाकीतल्या लो प्रेशर पंपाचा लॉग बघा. खालून पुरेसं पेट्रोल येत नसेल तर वरचा पंप कितीही मोठा बसवला तरी प्रेशर पडतच राहतं.